शोकाकुलांची नावं

गहू कुणासाठी उकडलेत, हे पोलिक्सेनी काही सांगेना.

"बाबांचं नोव्हेंबरात असतं," अर्गिरो म्हणाली. "आजीचं जानेवारीत. मग मे महिन्यात आपल्याकडचं कोण गेलंय?"

"आहे एक. तू ते कापड नीट धर, गहू खाली सांडतायत."

जेवणघरातल्या लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून मायलेकी उकडलेले गहू पसरत होत्या. उद्यापर्यंत ते वाळले की त्यात बेदाणे, बदाम, दालचिनी घालायची, वर पिठीसाखर थापायची आणि चर्चमध्ये मयताच्या नावानं वाटायचं. या कोलिव्याला आधी मयत लागतं, एवढं आमच्या वोलोसमध्ये शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि इथं तर अख्ख्या बंदराला पुरतील एवढे गहू होते.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय!"

या घरात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळणं एप्रिलपासूनच बंद झालं होतं. एकवीस तारखेच्या पहाटे अथेन्समध्ये रणगाडे रस्त्यावर आले आणि त्याच सकाळी पोलिक्सेनीनं 'पेलागोस' बंद केलं. कारण दिलं नाही, निषेध छापला नाही, नुसतं छापलंच नाही. सासऱ्यांनी काढलेलं, नवऱ्यानं वाढवलेलं, नवरा गेल्यावर तिनं चालवलेलं वर्तमानपत्र. लष्कराचा हुकूम होता की आम्ही देऊ ते छापा आणि कोरी जागा सोडू नका. वर्तमानपत्रच काढायचं नाही असं कुणी करील, हे त्यांच्या हुकुमात बसत नव्हतं. त्यामुळे वर्तमानपत्रांवर नेमलेला मेजर ब्लेत्सास फार चिडला होता. शहरभर लोक रोज सकाळी 'पेलागोस' आलं नाही असं एकमेकांना सांगत होते, आणि तेवढं सांगणंच त्याला झोंबत होतं. आता त्यानं ते पुन्हा सुरू करायच्या अर्जावर सही करायला सोमवारची मुदत दिली होती.

पण खरी गोष्ट निराळीच होती. या टेबलावर रात्री बोललेलं दोन दिवसांत मेजरपर्यंत पोचत होतं. इस्टरच्या आठवड्यात पोलिक्सेनी जेवता जेवता म्हणाली होती की मेजरच्या मिशा म्हणजे बुटाचा ब्रश. पुढच्या गुरुवारी धक्क्यावर तो समोरून आला, मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "ब्रश अजून चालतोय बरं का, बाईसाहेब." त्या रात्री जेवायला चौघंच होती. ती स्वतः, मुलगी अर्गिरो, जावई फोतिस आणि धाकटा दीर स्तामातिस. तेव्हापासून ती या तिघांच्या तोंडाकडे बघत जेवत होती.

अर्गिरोला हे कळत होतं. तिचा संशय नवऱ्यावर होता. फोतिस जकात खात्यात होता, आणि हल्ली सरकारी नोकरी टिकवायची तर आपण सज्जन आहोत असा पोलिसांचा दाखला लागायचा. ती स्वतः कुणाला काही सांगत नव्हती. केस करायला जायची तिथं मेजरची बायको भेटायची, दोघी शेजारी बसायच्या, चार शब्द व्हायचे. ते काही सांगणं नव्हे. मिशांचं तिथं निघालं होतं का, हे मात्र तिला नीट आठवेना.

"इकडे ये," पोलिक्सेनी हळूच म्हणाली. "दार लोट. उद्या संध्याकाळी मी जातेय. स्कियाथोसच्या बोटीनं. तिथून पुढं तुझ्या बाबांच्या ओळखीचा एक कप्तान नेईल. कुणाला बोलू नकोस, फोतिसला तर अजिबात नको."

"आई! वेड लागलंय का तुला? समुद्रावर गस्त असते. गोळ्या घालतात!"

"बघू. बदाम सोलले का?"

अर्गिरो बदामांची परात आणायला आत गेली. परत आली तर फोतिस टेबलापाशी उभा, आणि आई त्याच्या कानाला लागलेली. "...म्हणून तुम्हालाच सांगितलं, जावईबापू," एवढंच तिला ऐकू आलं. फोतिसचा चेहरा गव्हाखालच्या कापडासारखा झाला होता. त्यानं परातीतला एक बदाम उचलला आणि न खाताच खिशात टाकला.

"काय म्हणत होती आई?" तिनं जिन्यात त्याला गाठलं.

"काही नाही. दालचिनी कमी आहे म्हणाल्या. तुला काय म्हणाल्या?"

"बदामांचं."

दोघंही एकमेकांकडे बघून हसली, आणि लग्न झाल्यापासून इतकं खोटं ती दोघं कधी हसली नव्हती.

*

स्तामातिसचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हते. सकाळी वहिनीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "थकले मी. सोमवारी सही करते. तू जिंकलास." हे त्यानं मेजरच्या कचेरीत जाऊन सांगितलं, आणि त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. सोमवारी सगळ्यांना कळायचंच होतं.

त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. यंत्र बंद ठेवलं की गंजतं आणि कामगार बंद ठेवला की पितो. हुकूमशहा येतात आणि जातात, त्यांच्या आधीही एक येऊन गेला होता, तेव्हाही 'पेलागोस' निघतच होतं. वहिनी म्हणायच्या, तेव्हा काय निघत होतं ते वाच एकदा. यावरून दोघांत इतकं वाजलं होतं की महिनाभर मीठ मागायलाही ती अर्गिरोला मध्ये घालत होती.

त्यानं लग्न केलं नाही. छापखान्याच्या मागच्या खोलीत राहायचा. लहानपणी बाप रात्रपाळीला असला की त्याला कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपवायचा, आणि मोठ्या यंत्राची धडधड सुरू झाली की हा गाढ झोपायचा. एप्रिलपासून त्याला धड झोप नव्हती.

दुपारी जेवणं झाली, खिडक्या लागल्या, सगळं वोलोस झोपलं. स्तामातिसही तास-दीड तास पडला. उठून तेलाचा डबा घेऊन तो छापखान्यात शिरला, सोमवारसाठी मोठ्या यंत्राला तेलपाणी करायचं म्हणून. आणि दारातच थबकला. ओल्या शाईचा वास येत होता.

मोठं यंत्र तसंच होतं, धुळीसकट. वास येत होता कोपऱ्यातल्या लहान यंत्राचा, पायानं मारायच्या. त्यानं रुळाला बोट लावलं. बोट काळं झालं.

या यंत्रावर फक्त मयताची पत्रकं निघायची. आमच्याकडे कुणी गेलं की काळ्या चौकटीचं पत्रक विजेच्या खांबांवर आणि चर्चच्या दारावर लागतं, आणि लोक सकाळी घराबाहेर पडले की आधी खांब वाचतात. सरकारनंही या यंत्राला हात लावला नव्हता, कारण मेलेला माणूस तपासनिसाच्या शिक्क्यासाठी थांबत नाही. आणि हे काम स्तामातिसचं. शहरातलं कुठलंच मरण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय खांबावर लागत नसे. रडत आलेल्या माणसांना तो खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि विचारायचा, "कुणाचं नाव राहिलं नाही ना? पुन्हा आठवा." कारण पत्रकाच्या तळाशी शोकाकुलांची नावं असतात, आणि त्यातून नाव गळलं तर माणसं जन्माची वैरी होतात. तिथं तो फार कडक होता. रक्ताची नाती आधी, सुना-जावई मागून. बाजारातल्या दोन सख्ख्या बहिणी एका गळलेल्या नावावरून अजून बोलत नव्हत्या, आणि ती चूक त्याची नव्हती हे तो आजही सांगायचा.

मग आज कोण गेलं? आणि ते त्याला का नाही कळलं?

फोतिस, त्याच्या मनात आलं. फोतिसनं मेजरच्या सांगण्यावरून काही छापलं असेल, वहिनीला अडकवायला. पण फोतिसला यंत्राचं पुढचं टोक कुठलं हेही ठाऊक नव्हतं. राहिली वहिनी. नवी नवरी असताना ती इथं बसून पत्रकांचे खिळे जुळवायची, तिचा नवरा आनेस्ती तिला हसायचा. म्हणजे सही करते म्हणाली ते खोटं? आणि छापलं, तेही माझी झोपायची वेळ बघून?

राग आला नाही एवढं वाईट वाटलं त्याला.

तेवढ्यात फोन वाजला. दुपारच्या झोपेच्या वेळी फोन करणारा माणूस बाहेरगावचाच असणार. मेजर होता.

"काय स्तामातिस, सोमवारचं ठरलं ना? घरात काही वेगळं चाललेलं नाही?"

"गहू उकडलेत."

"ते कळलंय मला. छापखान्यात? काही छापलं-बिपलं?"

स्तामातिसनं आपल्या काळ्या बोटाकडे पाहिलं.

"नाही हो. धूळ आहे इथं नुसती," तो म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो याचा विचार करत पुढं बराच वेळ तेलाचा डबा हातात धरून उभा राहिला.

*

रविवारी पाद्रीबाबांनी आनेस्तीचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं आणि "त्यांच्या मागून गेलेल्या सर्वांचं" असं म्हणून पोलिक्सेनीकडे न बघता पोथी मिटली. कोलिव्याच्या पुड्या वाटून झाल्या. पोलिक्सेनीनं सगळ्यांना मागच्या अंगणातून फोतिसच्या गाडीकडे नेलं. पुढच्या दारानं का नाही, असं अर्गिरोनं विचारलं, तर म्हणाली, पायऱ्या झेपत नाहीत.

घरी कॉफी, ब्रँडी आणि कडक बिस्किटं मांडून झाली नाहीत तोच मेजर ब्लेत्सास आला. गणवेशात, हातात चामडी फाइल, मागे एक लेफ्टनंट. पोलिक्सेनीनं त्याला नवऱ्याच्या खुर्चीवर बसवलं आणि कोलिव्याची वाटी पुढे केली. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं एक चमचा तोंडात घातला, रीतीप्रमाणे म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

"आमेन," पोलिक्सेनी म्हणाली. "आणखी घ्या ना. एवढं तुमच्यामुळंच झालंय."

मेजर खूश होता. "बॅग भरलेली दिसत नाही, बाईसाहेब. बरं केलंत. स्कियाथोसची बोट आज सुटणार नाही. इंजिन बिघडलंय म्हणे."

अर्गिरोच्या हातातली बशी किणकिणली.

"आणि फोतिस, तुमच्या त्या माक्रिनित्साच्या खळ्यात छापायचं यंत्र कुठलं हो? कोंबड्या निघाल्या! माझ्या माणसांचे बूट खराब झाले."

"मी... मला वाटलं..." फोतिस खिसे चाचपू लागला.

"असू दे, असू दे. शेवटी स्तामातिसचीच बातमी खरी ठरली. सही करणार म्हणे तुम्ही."

पोलिक्सेनीनं एकेकाकडे पाहिलं. तिघांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली कुठली मेजरच्या तोंडून येते ते बघायला. एक येईल अशी तिची खात्री होती. दोन येतील अशी भीती होती. तिन्ही येतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला रडायला यायला हवं होतं, ते आलं नाही. फक्त आपल्याच घरात आपण पाहुणी आहोत असं वाटलं आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आई, तुला मारलं असतं त्यांनी!" अर्गिरोला हुंदका आला. "मी त्याच्या बायकोला म्हटलं, तिला नुसतं थांबवा. बाकी काही करू नका, एवढंच."

"माहीत आहे गं," पोलिक्सेनी म्हणाली. "म्हणून तर बोट तुझ्या वाट्याला आली."

दार वाजलं. बेकरीवाला लाम्ब्रोस टोपी काढून आत आला, मेजरला पाहून दचकला, पण मागे फिरला नाही. पोलिक्सेनीचा हात हातात घेऊन, मयताच्या घरच्यांना म्हणतात तसं म्हणाला, "तुम्हाला आयुष्य लाभो. रोज सकाळी भट्टी लावली की आधी तेच. अजून हात दाराखाली जातो बघा."

"देवाची मर्जी," पोलिक्सेनी म्हणाली.

"तुमचे यजमान रोज सकाळी बेकरीत जायचे?" मेजरनं विचारलं. पोलिक्सेनीनं लाम्ब्रोसपुढे ब्रँडी केली.

लाम्ब्रोसच्या मागं शाळेच्या बाई होत्या. "माझं लग्न जमलं ते त्यातूनच," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. त्यांच्या मागं मासळीबाजारातली माणसं, त्यांच्या मागं न्हावी, त्याच्या मागं डॉक्टर. जिना भरला. पाचांहून जास्त माणसांनी जमायला बंदी होती, पण मयताला भेटायला येणाऱ्यांना कुणी अडवायचं कसं? प्रत्येक जण आत येई, आयुष्य लाभो म्हणे, ब्रँडीचा घोट घेई आणि मेजरकडे बघत बिस्किट चावत उभा राही.

लेफ्टनंट खाली जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात खांबावरून सोललेला, खळीनं ओला कागद होता. मेजरनं तो वाचला. पुन्हा वाचला, या वेळी नकळत मोठ्यानं.

"'आमचं लाडकं पेलागोस, वय एकसष्ट, एकवीस एप्रिलच्या पहाटे अकस्मात गेलं. शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीत होतं. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आज. भेटायला येणाऱ्यांसाठी घरी कॉफी आहे. फुलं आणू नयेत. शोकाकुल, पोलिक्सेनी मावरोइदी.'" त्यानं मान वर केली. "हे कुणी छापलं?"

"मी."

"आणि लावलं कुणी?"

"रोज जो लावतो त्यानं. मयताचं पत्रक आलं, त्यानं लावलं. त्याला वाचता येत नाही."

मेजरनं पत्रक उलटून त्याची पाठ पाहिली. मग त्यानं कागद टेबलावर टाकला आणि फाइल उघडली. आवाज मात्र गोड ठेवला. "ठीक. बाईसाहेब आत्ता माझ्याबरोबर येतील. परवान्यावर दोन नावं आहेत, मला एक पुरे आहे. स्तामातिस, हा अर्ज. एकट्याच्या नावानं सही करा, उद्या सकाळी 'पेलागोस' निघालं पाहिजे. अजून इस्टरचेच दिवस आहेत. मेलेलं उठलं, असं छापा हवं तर."

त्यानं आपलं पेन उघडून स्तामातिसच्या पुढ्यात ठेवलं.

*

स्तामातिसची नजर अर्जावर नव्हती. तो ओलं पत्रक हातात घेऊन वाचत होता, आणि सवयीनं आधी चौकट बघत होता. डावा कोपरा नीट जुळला नव्हता. 'शोकाकुल' शब्दाखाली बरीच मोकळी जागा होती, चार-पाच नावं सहज बसली असती. तिथं एकच नाव होतं.

"माझं नाव नाही," तो म्हणाला.

"तुझं कशाला?" पोलिक्सेनी म्हणाली. "तुझं त्या अर्जावर लागणार आहे."

"अर्गिरोचंही नाही."

"पोरीला घरदार आहे. माझ्या एकटीवर शेकू दे म्हणून नाही घातलं."

"वहिनी, शहरभर लागलंय हे!" त्याचा आवाज चढला आणि जिन्यातली कुजबुज थांबली. "शहरभर! प्रत्येक खांबावर! लोक म्हणतील, दीर कुठं मेला होता? मी आयुष्यभर लोकांना विचारलं, नाव राहिलं नाही ना, नाव राहिलं नाही ना. आणि माझ्याच घरच्या पत्रकात... मला उठवायचं होतंत. झोपलोच होतो ना, पलीकडच्या खोलीत."

"तू त्याला सांगितलं असतंस."

"शाई ओली होती कालच," स्तामातिस म्हणाला. "बोट लावून बघितली मी. त्यानं विचारलं, तरी नाही सांगितलं."

 मेजरनं मान वळवून स्तामातिसकडे पाहिलं.

"सही करा," तो म्हणाला. गोडवा संपला होता. "उद्या तुमचं यंत्र चालू. नाहीतर उद्या मी ते गाडीत घालून नेतो. तुकडे करून."

स्तामातिसनं पेन उचललं. त्याला ती धडधड ऐकू आली, गठ्ठ्यांवर झोपवणारी. नेतील म्हणजे नेतील, हा माणूस खोटं बोलत नव्हता. अर्गिरोनं तोंडावर हात ठेवला. त्यानं अर्ज आपल्याकडे ओढला, पालथा केला, टेबलाला ओल लागू नये म्हणून पत्रक त्यावर ठेवलं, आणि वहिनीच्या नावाखाली सावकाश लिहिलं, स्तामातिस मावरोइदिस. मग थोडं थांबून पुढं लिहिलं, पेलागोसचा धाकटा भाऊ.

पेनाला टोपण लावून त्यानं ते मेजरला परत केलं.

पोलिक्सेनी उठली आणि चष्मा लावून वाकून बघू लागली.  "चुकलास," ती म्हणाली. "रक्ताचं नातं वर येतं. सून खाली."

"वर जागाच नाही ठेवलीत तुम्ही," स्तामातिस म्हणाला. "आणि डावा कोपरा बघा, उघडा राहिलाय. शिकवलं होतं तुम्हाला."

"दोघंही चला," मेजर म्हणाला.

जिन्यातल्या लोकांनी भिंतीला टेकून वाट दिली. पोलिक्सेनी पुढं, स्तामातिस मागं, त्याच्या मागं लेफ्टनंट. खालच्या पायरीवर त्या दोन बहिणींतली थोरली उभी होती, बाजारातली, जिचं नाव गळलं होतं. तिनं दाराशी उभ्या सैनिकाला कोपरानं बाजूला सारलं आणि स्तामातिसचा शाईनं काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आयुष्य लाभो तुला, स्तामातिस," ती म्हणाली.

आजवर हे त्यानंच सगळ्यांना म्हटलं होतं. उलट काय म्हणायचं असतं, ते त्याला पटकन आठवेना.